सगळं हिरवं, तरी ऑर्डर नको: गेमिंग पीसीचे भाग जुळवताना

प्रश्न असा होता: "दादा, मी नाशिकला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्यांदाच स्वतः पीसी जोडतोय. यादी: रायझन ५ ८५००जी, बी६५० चिपसेटचा मायक्रो एटीएक्स बोर्ड, डीडीआर५ ५६०० ची १६ जीबीची एक स्टिक, आरटीएक्स ५०६० टीआय ८ जीबी. कॅबिनेट, ४५० वॉटचा एसएमपीएस आणि १ टीबी हार्ड डिस्क बाबांच्या २०१४ च्या मशीनमधली. मोडलेल्या लॅपटॉपमधला २५६ जीबीचा एम.२ एसएसडीही आहे. ६०० व्हीएचा यूपीएस घरात आहे. मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्‌झ. व्हॅलोरंट रोज, बाकी मोठे गेम सुट्टीत. भाग जुळतात का ते तपासणाऱ्या साइटवर सगळं हिरवं दाखवतंय. ऑर्डर करू का?"

नको. निदान या आठवड्यात तरी नको.

एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) आणि एसएसडी सोडले तर तुझी यादी बसेल, आणि मशीन सुरूही होईल. अडचण तिथेच आहे. जे भाग एकमेकांत बसतच नाहीत ते कुणाला फसवत नाहीत. एएमडीच्या (रायझन बनवणारी कंपनी) जुन्या एएम४ सॉकेटचा, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेचा, प्रोसेसर नव्या एएम५ सॉकेटवर ठेवून बघ, दोन वर्षांच्या पोरालाही कळेल की हे जमत नाही: जुन्याच्या पोटाला पिना आहेत, नव्यात त्या बोर्डावर गेल्यात. डीडीआर४ ची स्टिक डीडीआर५ च्या स्लॉटमध्ये जात नाही, मधली खाच सरकवलेली असते. असल्या चुका खोकं उघडल्यावर दहा मिनिटांत उघड होतात आणि भाग परत जातो. माझ्याकडे रडत येणारी मशीन वेगळी असतात. सगळं बसलंय, विंडोज चालतंय, आणि तरीही गेम अडखळतो, किंवा मशीन रात्री साडेदहाला मॅचच्या मधोमध बंद पडतं. गिऱ्हाईक तीनदा फॉरमॅट मारून आलेलं असतं. साइटवरची हिरवी खूण एवढंच सांगते की सॉकेट तेच आहे, रॅमची जात तीच आहे, वॉटची बेरीज कागदावर बसते. तू 'एसएमपीएस ४५० वॉट' असं भरलंस म्हणून तिने ४५० धरलं. तिला काय माहीत तो बाबांच्या मशीनमधला आहे.

प्रोसेसरपासून सुरू करू, कारण तुझ्या यादीतली सगळ्यात लपलेली चूक तिथे आहे.

८५००जी मधला 'जी' म्हणजे आतलं ग्राफिक्स चांगलं. कार्ड सहा महिन्यांनी घेणार असशील तर हा प्रोसेसर शहाणपणाचा. पण तू कार्ड आजच घेतोयस. ग्राफिक्स कार्डाला प्रोसेसरपर्यंत जायला रस्ता लागतो, त्याच्या पदरांना लेन म्हणतात. बोर्डावरचा लांब स्लॉट सोळापदरी दिसतो, पण त्यातले किती पदर खरे आहेत ते प्रोसेसर ठरवतो. रायझन ५ ७६०० कार्डाला पूर्ण १६ लेन देतो. ८६००जी ८ देतो. ८५००जी फक्त ४. स्लॉट तोच, कार्ड तेच, साइटवर खूण हिरवीच.

आता तुझं कार्ड घे. ५०६० टीआय मुळातच ८ लेनचं आहे, ते पीसीआयई ५.० च्या हिशेबाने बनवलंय. पीसीआयई हे त्या लेनच्या रस्त्याचं मानक, आकडा वाढला की वेग वाढतो. तुझा बोर्ड आणि प्रोसेसर मिळून त्याला ४.० च्या ४ लेन देणार. म्हणजे सेकंदाला साधारण ८ जीबीची वाट. कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबीने चालते. जोवर गेमचा सगळा पसारा कार्डाच्या ८ जीबीत मावतो तोवर ही अरुंद वाट फारशी जाणवणार नाही, आणि व्हॅलोरंट तर आरामात मावतो. पण सुट्टीतला मोठा गेम टेक्स्चर 'अल्ट्रा'वर टाकून सुरू केलास की ८ जीबी भरतात. उरलेलं सामान रॅममध्ये जाऊन बसतं आणि कार्ड ते त्या चौपदरी रस्त्यावरून सारखं मागवत राहतं. सरासरी फ्रेमरेट तेव्हाही ठीक दिसतो. मान वळवली की झटका बसतो. यूट्यूबवरच्या चाचण्यांत हे दिसणार नाही, कारण ते लोक चाचणी घेताना सगळ्यात वरचा प्रोसेसर लावतात.

म्हणून ८५००जी काढ, ७६०० घाल. त्यात कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, हीसुद्धा दुप्पट आहे, १६ च्या जागी ३२ एमबी, आणि गेमला ती लागते. ७६०० मध्येही आतलं छोटं ग्राफिक्स आहे. त्यावर गेम खेळायचा नाही, पण कार्ड बिघडलं किंवा दुरुस्तीला गेलं तर मशीन निदान उघडतं. ज्यांच्या घरी दुसरा कॉम्प्युटर नाही त्यांना मी आतलं ग्राफिक्स असलेलाच प्रोसेसर देतो.

एएम४ मध्येही असाच एक खड्डा आहे, कुणी मित्र विचारेल म्हणून सांगतो. रायझन ५ ५५०० आणि ५६०० या दोन नावांत शंभराचा फरक दिसतो. आत मात्र ५५०० पीसीआयई ३.० वर थांबतो आणि त्याची कॅश ५६०० च्या निम्मी. त्यावर आरएक्स ६५०० एक्सटीसारखं ४ लेनचं कार्ड लावलं तर कार्डाचा जीव अर्ध्यावर येतो.

जाता जाता: 'बॉटलनेक कॅल्क्युलेटर' नावाच्या साइट बघू नकोस. 'तुमचा प्रोसेसर कार्डाला १७ टक्के अडवतो' असलं काहीतरी छापतात. कुठल्या गेमला, कुठल्या रिझोल्यूशनला, काही पत्ता नाही. राशिभविष्य त्यापेक्षा बरं, ते निदान रोज बदलतं.

आता एसएमपीएस. इथे मी जरा लांबण लावणार आहे.

तू प्रश्नाबरोबर त्याच्या स्टिकरचा फोटो पाठवलास ते फार बरं केलंस. मोठ्या अक्षरात ४५० लिहिलंय ते सोड. खालच्या तक्त्यात '+१२व्ही' चा रकाना बघ. तिथे १६ए, म्हणजे सोळा अँपिअर आहे. बारा गुणिले सोळा, १९२ वॉट. उरलेले वॉट ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्टच्या ओळींत वाटलेत, कारण हा आराखडा त्या काळचा आहे जेव्हा मशीनचा बराच भार त्या ओळींवर असायचा. आजचा प्रोसेसर आणि कार्ड जवळजवळ सगळं १२ व्होल्टवरून ओढतात. रायझन ५ ७६०० च्या खोक्यावर ६५ वॉट असतं, पण तो जोरात असताना सॉकेटमधून ८८ पर्यंत घेतो. ५०६० टीआय १८०. दोघांची बेरीज २६८. तुझा 'साडेचारशे'चा सप्लाय त्याला १९२ देणार, तेही नवा असताना. दहा-बारा वर्षं चाललेल्या सप्लायमधले कपॅसिटर आता किती धरतात ते देव जाणे.

वर कार्ड सरळ रेषेत वीज घेत नाही. क्षणाच्या बारीकशा भागासाठी ते ठरलेल्या आकड्याच्या बरंच वर उसळतं. चांगला सप्लाय ती उसळी गिळतो. हलका सप्लाय स्वतःला वाचवायला बंद होतो, आणि हलक्यात हलका तेवढंही करत नाही. म्हणूनच २०२२ मध्ये आलेल्या सप्लायच्या एटीएक्स ३.० या मानकात अशा उसळ्या सोसण्याची अट घातली गेली. घरी हे कसं दिसतं? ब्राउझर चालतो, सिनेमा चालतो, गेममध्ये दहा मिनिटं गेली की मशीन एकदम रीस्टार्ट. निळा पडदा नाही, एरर नाही. लोक आधी विंडोजला धरतात, मग ड्रायव्हरला, मग रॅमला.

नवा घे. ५५० ते ६५० वॉट, माहितीच्या कंपनीचा, पाच वर्षं किंवा जास्त वॉरंटीचा. कार्डाची कंपनी एनव्हिडिया त्यासाठी ६०० सांगते. ती जरा हात राखून सांगते, पण तुझ्या बाबतीत मी ६५० लाच जाईन, पुढचं कार्ड त्यावरच निघेल. ८० प्लसचा बिल्ला बघ, पण तो फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो. आतला माल कसा आहे ते सांगत नाही. दुकानात कॅबिनेटबरोबर 'फ्री एसएमपीएस' मिळाला तर घरी आण, शाळेच्या सायन्स प्रोजेक्टला होईल.

वायरींबद्दल दोन गोष्टी. प्रोसेसरची आठ पिनांची वायर चार-अधिक-चार अशी फुटते, कार्डाची सहा-अधिक-दोन अशी. दिसायला सख्ख्या बहिणी, पण १२ व्होल्ट आणि ग्राउंड उलट बाजूंना असतात. खाचांचे आकार वेगळे ठेवलेत, नीट लावलं तर चूक होत नाही. जोर लावावा लागला तर थांब. आणि जुन्या सप्लायला कार्डाची वायरच नसते तेव्हा दुकानदार हार्ड डिस्कच्या वायरींवरून आठ पिना काढून देणारा एक जोड देतो. आठ पिनांचा जोड १५० वॉटचा धरलेला असतो. मागच्या बारीक वायरी तेवढ्यासाठी नसतात. तो जोड घेऊ नकोस, फुकट दिला तरी.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या फजितीची. बरीच वर्षं झाली. एका गिऱ्हाइकाचा मॉड्युलर एसएमपीएस वॉरंटीत बदलून आला. मॉड्युलर म्हणजे वायरी दोन्ही टोकांना सुटतात तो. मॉडेल वेगळं होतं, कंपनी तीच. मी आधीच्या वायरी इतक्या छान बांधल्या होत्या की त्या काढायचा जीव होईना. फक्त सप्लाय बदलला, जुन्या वायरी त्यातच खोचल्या. नीट बसल्या. बटण दाबलं, 'टक्' असा एक बारीक आवाज आला, आणि मग तो वास. जळक्या बेकेलाइटसारखा, गोडसर. हार्ड डिस्क आणि एसएसडी, दोन्ही गेले. वायरीचं जे टोक डिस्कला लागतं त्याला मानक आहे, जे सप्लायला लागतं त्याला नाही. जिथे जुन्यात ५ व्होल्ट होते तिथे नव्यात १२ येत होते. डिस्कवर त्याच्या धाकट्या भावाचा बी.आर्क.चा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता. डेटा काढून घ्यायचं बिल मी भरलं. तेव्हापासून सप्लाय बदलला की जुन्या वायरी त्याच दिवशी पिशवीत घालून, वर मॉडेलचं नाव लिहून ठेवतो.

रॅमकडे ये. १६ जीबीची एक स्टिक म्हणजे दोन चॅनेलपैकी एक बंद ठेवणं. मशीन तक्रार करत नाही, निम्म्या वेगाने डेटा पुरवत राहतं, आणि व्हॅलोरंटसारख्या प्रोसेसरवर चालणाऱ्या गेममध्ये तेच जास्त लागतं. सरळ उपाय दोन स्टिक. पण ८ च्या दोन की १६ च्या दोन? डीडीआर५ मध्ये ८ जीबीच्या स्टिकवर चिपा चारच असतात आणि आतली रचनाही निम्मी, म्हणून ती आपल्या १६ च्या भावापेक्षा जरा मंद. शिवाय पुढे वाढवायचं म्हणून आणखी दोन टाकल्यास तर चार स्टिक होतात, आणि एएम५ ला चार स्टिक सोसत नाहीत. एएमडीचा स्वतःचा आकडा बघ: रायझन ७००० ला दोन स्टिकवर ५२००, चारवर ३६००. म्हणजे पैसे घालून रॅम वाढवायची आणि वेग घालवायचा.

१६ च्या दोन घे, एकाच पाकिटातल्या, ६००० च्या, खोक्यावर एक्स्पो (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी एएमडीची सेटिंग) लिहिलेलं. २०२५ च्या शेवटाला रॅमचे भाव जे चढले ते बघता हे लिहिताना मलाच वाईट वाटतंय. पैसे कुठून काढायचे ते खाली सांगतो. अगदीच जमत नसेल तर एक १६ ची आज, तीच, अगदी त्याच मॉडेल नंबरची दुसरी दोन-तीन महिन्यांत. वेगळ्या पाकिटातल्या दोन स्टिक बहुतेक वेळा नांदतात. नाही नांदल्या तर वेग थोडा उतरवायची तयारी ठेव.

लावताना प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट. बोर्डाला दोनच स्लॉट असतील तर प्रश्नच मिटला. आणि बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, एक्स्पो चालू करायला विसरू नकोस. नाहीतर ६००० चे पैसे देऊन ४८०० वर चालवत बसशील. वर्षभर तसं चालवलेली मशीन मी पाहिलीत.

पैसे बोर्डावर वाचव. तू निवडलेल्या बोर्डाला वाय-फाय, तीन एम.२ आणि चकचकीत दिवे आहेत. ७६०० हा शांत प्रोसेसर आहे, साध्या बी६५० वर, अगदी त्याहून खालच्या ए६२० चिपसेटवरही तो पूर्ण वेगाने चालतो. ए६२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवता येत नाही, तुला तो करायचाही नाही. फक्त पुढे आठ कोरचा मोठा प्रोसेसर टाकायचा विचार असेल तर सॉकेटच्या बाजूला, वीज पुरवणाऱ्या भागावर, ॲल्युमिनियमचे हीटसिंक बसवलेला बी६५० घे. आपल्याकडे मे महिन्यात खोलीतच ३८-४० असतं, ते विसरून चालत नाही.

बोर्ड घेताना एक विचार: खोका कधीचा आहे? बी६५० बोर्ड २०२२ च्या ऑक्टोबरपासून विकले जाताहेत. रायझन ९००० ची मालिका २०२४ च्या ऑगस्टमध्ये आली. दुकानाच्या माळ्यावरचा जुना बोर्ड आणि नवा ९६००एक्स एकत्र आणलास तर पंखे फिरतील, पडदा काळा राहील, कारण बोर्डाच्या बायोसला तो प्रोसेसर ठाऊकच नाही. हेही 'बसतं पण चालत नाही' या जातीचं. ७६०० ला हा धोका नगण्य. तरी ज्या बोर्डाच्या मागे बायोस फ्लॅशबॅकचं छोटं बटण आहे तो मी निवडतो. त्यात प्रोसेसर, रॅम काही न लावताही नवा बायोस भरता येतो: पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करायचा, फाइलला कंपनी सांगेल ते नाव द्यायचं, ठरलेल्या यूएसबीत लावायचा, बटण काही सेकंद दाबायचं, दिवा लुकलुकायला लागतो. दिवा थांबेपर्यंत वीज जाता कामा नये. तेव्हा हे काम यूपीएसवर कर, आणि महावितरणच्या देखभालीच्या दिवशी तर करूच नकोस.

डिस्क. लॅपटॉपमधला तो २५६ चा एम.२ हातात घे आणि सोनेरी टोकाकडे बघ. दोन खाचा असतील तर तो बहुधा साटा (डिस्क जोडायची जुनी, मंद पद्धत) जातीचा आहे. तो नव्या बोर्डाच्या एम.२ स्लॉटमध्ये मस्त बसेल, स्क्रूही लागेल, आणि बायोसमध्ये दिसणार नाही, कारण या बोर्डांचे एम.२ स्लॉट बहुधा फक्त एनव्हीएमई (नवी, वेगवान पद्धत) बोलतात. बोर्डाच्या माहितीपुस्तकात स्लॉटपुढे 'साटा' लिहिलंय का ते बघ. नसेल तर त्याला बाहेरचं यूएसबी घर घेऊन पेन ड्राइव्हसारखा वापर. मशीनसाठी १ टीबीचा एनव्हीएमई घे, जेन ४ चा, म्हणजे पीसीआयई ४.० चा. जेन ५ ला जास्त पैसे घालू नकोस, गेममध्ये फरक हुडकावा लागतो.

बाबांची १ टीबी हार्ड डिस्क सामान ठेवायला ठीक. त्यावरच्या विंडोजने मशीन चालू करायचा बेत असेल तर सोड. २०१४ ची डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने आखलेली असणार. नव्या बोर्डाला यूईएफआय (बायोसचा नवा अवतार) आणि जीपीटी (डिस्क आखायची नवी पद्धत) लागतं. विंडोज १० चा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आणि तुझ्यासाठी महत्त्वाचं: व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा भाग) आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सेटिंग) चालू असल्याशिवाय उघडत नाही. तुझ्या प्रोसेसरमध्ये टीपीएम आहे, बायोसमध्ये दोन्ही चालू आहेत ना ते बघ, मग कोरं विंडोज ११ टाक. जुन्या डिस्कची साटा वायर या सगळ्यानंतर लाव. नाहीतर इन्स्टॉलर कधीकधी सुरुवातीची फाइल जुन्या डिस्कवर नेऊन ठेवतो, आणि वर्षाने ती डिस्क काढलीस की मशीन उघडायचं बंद.

कॅबिनेटसाठी घरातली शिवणकामाची टेप घे. कार्डाच्या स्लॉटच्या मागच्या पट्टीपासून समोरच्या हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत मोज. जुन्या कॅबिनेटमध्ये तो पिंजरा रिव्हेट ठोकून बसवलेला असतो, स्क्रूने सुटत नाही. दोन पंख्यांची ५०६० टीआय साधारण २३०-२५० मिमी असते, तीन पंख्यांची ३०० च्या घरात जाते. कार्डाच्या पानावर लांबी दिलेली असते, ती मिलिमीटरमध्ये वाच. तुझ्या मोजमापात २० मिमी तरी मोकळे राहू देत, वायर वळायला जागा लागते. या बाबतीत कार्ड लहान घ्यायला लाजू नकोस, १८० वॉटला दोन पंखे पुरतात. प्रोसेसरचा कूलर ७६०० च्या खोक्यात येतो आणि पुरतो. फक्त तो चार स्क्रूंनी बसतो, त्यासाठी बोर्डावरचे प्लॅस्टिकचे कान आधी काढायचे असतात. पहिल्यांदा जोडणारा प्रत्येक जण इथे अर्धा तास घालवतो. पुढे उंच टॉवर कूलर घ्यायचा झाला तर तो १५५-१६० मिमीचा असतो आणि जुन्या कॅबिनेटचं दार लागत नाही.

त्या कॅबिनेटमध्ये आणखी एक बघ. पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारे छोटे खुंटे) जुन्या बोर्डाच्या भोकांप्रमाणे लावलेले असतील. नव्या बोर्डाला जिथे भोक नाही तिथला स्टँडऑफ काढ. राहिला तर बोर्डाच्या पाठीला टेकतो आणि शॉर्ट होतो. आणि समोरचं झाकण बंद पत्र्याचं असेल, हवा आत यायला जागाच नसेल, तर हे कॅबिनेट ठेवण्यात अर्थ नाही. साधं जाळीचं घे, पुढे एक-दोन पंखे. दिवे नसलेलं मिळालं तर माझ्याकडून शाबासकी.

यूपीएस. ६०० व्हीए म्हणजे या वर्गात साधारण ३६० वॉट. गेम चालू असताना तुझं मशीन तीनशेच्या वर जाणार, त्यात मॉनिटर. लाइट गेले की तो एक तर किंचाळून लगेच बंद होईल, नाहीतर मिनिटभर टिकेल. नवा यूपीएस घेणं जमत नसेल तर सध्या हाच ठेव, त्यावर मशीन आणि मॉनिटरच ठेव, राउटर दुसऱ्या सॉकेटवर घे, आणि लाइट गेल्यावर पहिलं काम गेम बंद करायचं. पुढे जमेल तेव्हा १००० व्हीए. अर्थिंग मात्र आत्ता तपास. कॅबिनेटच्या पत्र्याला उलट्या हाताने स्पर्श केल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं तर इलेक्ट्रिशियनला बोलाव, बाकी सगळं नंतर.

आता नवी यादी: रायझन ५ ७६००, साधा बी६५० फ्लॅशबॅकवाला, १६ च्या दोन डीडीआर५ ६०००, दोन पंख्यांची ५०६० टीआय, ६५० वॉटचा नवा एसएमपीएस, १ टीबी जेन ४ एनव्हीएमई, आणि मोजमापात कार्ड बसलं नाही तर जाळीचं कॅबिनेट. ८ जीबी की १६ जीबी कार्ड, तर पैसे उरले तर १६. आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबीचाही भाव विचार, ते पूर्ण १६ लेनचं आहे. पैसे नाही उरले तर ८ चं घे आणि टेक्स्चर एक पायरी खाली ठेव, १०८०पी वर फरक शोधावा लागेल. भाव मी मुद्दाम लिहिले नाहीत, आठवड्यात शिळे होतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या दोन दुकानांत फोन करून विचार, मग नाशिकच्या दुकानदाराला तो आकडा सांग. वॉरंटीला मुंबई गाठण्यापेक्षा चारदोनशे जास्त देऊन गावातून घेतलेलं मला बरं वाटतं. आणि अमेरिकेतला मामा कार्ड आणतोय म्हणाला तर आधी विचार, वॉरंटी भारतात चालते का. बऱ्याचदा चालत नाही.

जोडून झालं की मॉनिटरची वायर कार्डाच्या मागे लाव, बोर्डाच्या मागे नाही. हसू नकोस, दर महिन्याला एक जण 'नवं कार्ड काम करत नाही' म्हणून मशीन उचलून आणतो, आणि मी ती वायर तीन इंच खाली लावून परत देतो. डिस्प्लेपोर्टची वायर असेल तर ती, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ हर्ट्‌झ निवड, ते आपोआप होईलच असं नाही.

मग बटण दाब. पंखे फिरतील, पडदा काळा राहील. एक मिनिट, दोन मिनिटं, कधी चार-पाच. घाबरून बंद करू नकोस. एएम५ चा बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना रॅमची ओळख करून घेत असतो, आणि एक्स्पो चालू केल्यावर पुन्हा एकदा तेच करतो. बोर्डावर 'डीरॅम' लिहिलेला छोटा दिवा पेटलेला दिसेल. आईला चहा टाकायला सांग, किंवा तूच टाक. चहा पिऊन होईपर्यंत हात लावायचा नाही. दहा मिनिटांनंतरही काळाच असेल तर बंद कर, चौथ्या स्लॉटमधली स्टिक काढ, दुसऱ्या स्लॉटमधल्या एकाच स्टिकवर सुरू करून बघ, आणि कुठला दिवा पेटून राहिलाय त्याचा फोटो मला पाठव.